विद्युत् पारेषण वाहिन्यांचे प्रवाहाधारित संरक्षण

विद्युत् पारेषण वाहिन्यांचे प्रवाहाधारित संरक्षण : उच्च दाबाच्या पारेषण वाहिनीवर दोष उद्‌भवला असता तो केवळ विद्युत् प्रवाहाच्या मापनावरून ओळखणे आणि सदोष वाहिनी उरलेल्या विद्युत् जालापासून त्वरित अलग करणे, या कार्यपद्धतीस प्रवाहाधारित संरक्षण म्हणतात. दोष ओळखण्याचे काम अभिचालित्र म्हणजेच रिले करते व प्रत्यक्ष मंडल तोडण्याचे काम मंडल खंडक म्हणजेच सर्किट ब्रेकर करतो. वाहिनीतील शेकडो वा हजारो अँपिअर प्रवाह रिलेमध्ये सरळ नेता येत नाही. त्यासाठी प्रवाह रोहित्राच्या साहाय्याने त्याची १ अथवा ५ अँपिअर मानाची प्रतिकृती तयार करतात. काही प्रकारच्या रिलेंना याखेरीज दाब रोहित्राकडून विद्युत् दाबाची माहितीही पुरवावी लागते. प्रवाहाधारित रिलेला ती लागत नाही. हे या पद्धतीचे बलस्थान आहे व एका अर्थी तिची मर्यादाही आहे. या पद्धतीचा शतकाहून अधिक काळाचा इतिहास म्हणजे एकट्या प्रवाहापासून किती ज्ञान मिळू शकते, या प्रश्नाचा इतिहास होय.

मूळ समस्या : वाहिनीवर वीज पडणे, विद्युत् निरोधकावर साचलेल्या मळामुळे त्यावरून ठिणगी जाणे, झाडाची फांदी टेकणे, तार तुटणे इ. कारणांनी वाहिनीचा जमिनीशी अथवा दोन तारांचा परस्परांशी संबंध येतो. अशा वेळी दोषस्थानाकडे मोठा प्रवाह धावतो. तो थोडा वेळ जरी चालू राहिला, तरी तारा वितळणे, रोहित्रांची वेटोळी विस्कटणे व जनित्रांचा एकमेकांशी असलेला मेळ सुटणे असे परिणाम संभवतात. उलटपक्षी दोष नसताना वाहिनी तोडली गेल्यास तिच्यावरील भार शेजारच्या वाहिन्यांवर पडतो व त्याही एकामागून एक तुटू शकतात. म्हणून रिलेकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा केल्या जातात. दोष असताना ते निश्चितपणे कार्यान्वित झाले पाहिजे आणि दोष नसताना किंवा दोष दुसऱ्याच्या हद्दीत असताना ते निश्चितपणे स्तब्ध राहिले पाहिजे. यांतील दुसऱ्या गुणास विवेचकता म्हणतात. पहिला गुण साधणे तुलनेने सोपे असून संरक्षण तंत्रविद्येचा बहुतेक इतिहास दुसऱ्या गुणाच्या शोधात घडलेला आहे.

प्रारंभीचा काळ : १८८० नंतरच्या दशकातील विद्युत् पुरवठा लहान क्षेत्रापुरता मर्यादित होता व वितळतार हे त्याचे पुरेसे संरक्षण होते. १८९१ मध्ये जर्मनीतील लाउफेन ते फ्रँकफुर्ट या सु. १७५ किमी. अंतरावर त्रिकला प्रत्यावर्ती प्रवाहाने शक्ती पाठविण्यात आली आणि दूरवरच्या पारेषणाचे युग सुरू झाले. दाब व शक्ती वाढत गेली, तशी वितळतार अपुरी ठरू लागली. ती वितळण्याचा काळ अनिश्चित असे व प्रत्येक वेळी ती बदलावी लागे. तिची जागा मंडल खंडक व तो सोडविणारे अतिप्रवाह रिले यांनी घेतली. प्रवाह ठराविक मर्यादेबाहेर गेला की कार्य करावयाचे, एवढाच या रिलेचा नियम होता.

एकामागे एक अशी उपकेंद्रे असलेल्या वाहिनीवर दोष झाल्यास उगमापासून दोषापर्यंतच्या सर्व रिलेंमधून तोच प्रवाह जातो. त्यांपैकी कार्य कोणी करावयाचे, हे काळाच्या पायऱ्या लावून ठरविण्यात येऊ लागले. टोकाच्या उपकेंद्रातील रिलेस ०·३ सेकंद व उगमाकडे जाताना प्रत्येक पायरीस ०·४ सेकंद अधिक विलंब दिला, तर चार उपकेंद्रांचे विलंब अनुक्रमे ०·३, ०·७, १·१ व १·५ सेकंद असे येतात. परंतु उगमाजवळच दोषप्रवाह सर्वांत मोठा असतो. म्हणजे जेथे तोडण्याची घाई सर्वाधिक तेथेच विलंब सर्वाधिक, असा विपरीत परिणाम होतो. प्रवर्तन तत्त्वावर फिरणाऱ्या चकतीच्या रिलेमुळे हा दोष काहीसा सौम्य झाला. या रिलेत प्रवाह जितका मोठा तितका कार्यकाल कमी असतो. ब्रिटिश पद्धतीच्या प्रमाणित वक्रानुसार काल-गुणक १ असताना निर्धारित मूल्याच्या दुप्पट प्रवाहास सु. १० सेकंद, तर दसपट प्रवाहास सु. ३ सेकंद लागतात. कमी दाबाच्या वितरण जालांत हे तत्त्व आजही सर्वत्र वापरले जाते.

एका टोकाच्या प्रवाहाची मर्यादा : काळाच्या पायऱ्या टाळून तत्क्षणी कार्य करणारे अतिप्रवाह रिले बसविल्यास दुसरीच अडचण उभी राहते. दोषप्रवाहाचे मूल्य दोषाच्या अंतराप्रमाणेच त्या वेळी किती जनित्रे चालू आहेत यावरही अवलंबून असते. उदा., १३२ किलोव्होल्ट दाबाची १०० किमी. लांबीची वाहिनी घेतल्यास तिचा संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा एकूण विरोध) सु. ४० ओहम धरता येईल. सर्व जनित्रे चालू असताना उगमाचा संरोध १० ओहम व रात्री मोजकीच जनित्रे चालू असताना तो ३० ओहम आहे असे मानू. पलीकडच्या टोकावरील त्रिकला दोषाचा प्रवाह पहिल्या स्थितीत सु. १,५२५ अँपिअर व दुसऱ्या स्थितीत सु. १,०९० अँपिअर येतो. वाहिनीपलीकडील दोषास रिलेने प्रतिसाद देऊ नये म्हणून ते महत्तम प्रवाहापेक्षा २५ टक्के वर, म्हणजे सु. १,९०५ अँपिअरला लावावे लागते. अशा रिलेची पोच दिवसा ७५ किमी. पर्यंत जाते, तर रात्री तेच रिले पहिल्या केवळ २५ किमी. पुरते उपयोगी पडते. क्षीण उगमाच्या जालात तर लघुतम दोषप्रवाह हा गर्दीच्या वेळच्या भारप्रवाहापेक्षाही लहान असू शकतो आणि मग दोष व भार यांतील भेद केवळ प्रवाहाच्या मूल्यावरून करताच येत नाही.

दोन्ही बाजूंनी पुरवठा असलेल्या किंवा वलयाकार जोडलेल्या जालात ही उणीव अधिकच तीव्र होते. एका ठिकाणी मोजलेला प्रवाह दोषाची दिशा सांगू शकत नाही. दिशा ठरविण्यासाठी त्याची कला दुसऱ्या एखाद्या राशीशी, सामान्यतः दाबाशी, ताडून पाहावी लागते. दिशादर्शी रिले व १९२३ च्या सुमारास वापरात आलेले अंतर-रिले ही याच गरजेची फलिते होत. अंतर-रिले दाब व प्रवाह यांच्या गुणोत्तरावरून दोषापर्यंतचा संरोध, म्हणजे पर्यायाने अंतर मापते. उगमाच्या बदलांचा त्याच्या पोचेवर फारसा परिणाम होत नसल्याने लांब वाहिन्यांच्या संरक्षणात त्याने प्रमुख स्थान मिळविले.

मर्झ–प्राइस पद्धती : प्रवाहाधारित संरक्षणाला निर्णायक वळण मिळाले ते इंग्लंडच्या ईशान्य भागातील टाइन नदीच्या परिसरात. तेथील न्यूकॅसल-अपॉन-टाइन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनीने जहाजबांधणीचे कारखाने, खाणी व रेल्वे यांना वीज पुरविण्यासाठी अनेक केंद्रे परस्परांना जोडणारे मोठे जाल उभारले होते. एका केबलमधील दोषामुळे सारा परिसर अंधारात जाऊ नये, ही येथे व्यवहारातील निकडीची गरज होती. या कंपनीचे सल्लागार अभियंते चार्ल्स हेस्टरमन मर्झ (१८७४–१९४०) व त्यांचे सहकारी बर्नार्ड प्राइस (१८७७–१९४८) यांनी १९०४ मध्ये एका नव्या पद्धतीचे एकस्व घेतले.

या पद्धतीची कल्पना अत्यंत साधी आहे. कोणत्याही संधिस्थानी येणाऱ्या व जाणाऱ्या प्रवाहांची बीजगणितीय बेरीज शून्य असते, हा गुस्टाफ किरखोफ यांनी १८४५ मध्ये मांडलेला नियम मर्झ व प्राइस यांनी संपूर्ण वाहिनीस लावला. निर्दोष वाहिनीत एका टोकाने जितका प्रवाह शिरतो, तितकाच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. मग तो भाराचा असो की पलीकडील दोषाचा असो. शिरणारा व बाहेर पडणारा प्रवाह यांत फरक पडला, तर तो फरक वाहिनीमध्येच कोठेतरी गळत असला पाहिजे. म्हणून दोन्ही टोकांची प्रवाह रोहित्रे वाहिनीच्या बरोबर टाकलेल्या पायलट तारांनी जोडून त्यांतील फरक रिलेला दाखविला की पुरे. प्रवाह मोठा की लहान, दिवस की रात्र, उगम एक की अनेक, हे प्रश्नच त्यामुळे उरत नाहीत. काळाच्या पायऱ्यांचीही गरज राहत नाही.

जोडणीचे दोन प्रकार प्रचारात आले. पहिल्यात दुय्यम प्रवाह पायलट तारांतून सतत फिरत राहतो. दुसऱ्यात दोन्ही टोकांचे दुय्यम दाब एकमेकांविरुद्ध जोडलेले असल्याने निर्दोष स्थितीत पायलट तारांत प्रवाहच नसतो. लांब वाहिनीसाठी दुसरा प्रकार सोयीचा ठरला. पायलट तारांचा खर्च टाळण्यासाठी प्रत्येक कलेची तार दोन समान भागांत विभागून त्यांतील प्रवाहांची तुलना करणारी मर्झ–हंटर पद्धतीही काही काळ वापरण्यात आली.

प्राइस पुढे दक्षिण आफ्रिकेतील व्हिक्टोरिया फॉल्स अँड ट्रान्सव्हाल पॉवर कंपनीचे मुख्य अभियंता झाले. जोहॅनिसबर्ग येथील विटवॉटर्झरँड विद्यापीठातील भूभौतिकी संशोधन संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले असून, वाहिन्यांचा मोठा शत्रू असलेल्या आकाशातील विजेचे महत्त्वपूर्ण संशोधन या संस्थेत झाले. मर्झ यांचा १९४० मध्ये लंडनवरील हवाई हल्ल्यात मृत्यू झाला.

रोहित्रांची अपूर्णता व अभिनत रिले : मर्झ–प्राइस तत्त्व निर्दोष असले, तरी त्यास माहिती पुरविणारी प्रवाह रोहित्रे निर्दोष नसतात. फार मोठ्या प्रवाहास त्यांचा लोखंडी गाभा संपृक्त होतो व दोन्ही टोकांची रोहित्रे अगदी सारख्या प्रमाणात संपृक्त होत नाहीत. वाहिनीपलीकडील दोषामुळे तिच्यातून ८,००० अँपिअर प्रवाह जात असता एका टोकाच्या रोहित्राने ७,६०० च दाखविले, तर रिलेला ४०० अँपिअरचा खोटा फरक दिसतो. यावर उपाय म्हणून रिलेत दुसरे वेटोळे बसवून त्याला आरपार जाणाऱ्या प्रवाहाच्या प्रमाणात मागे ओढून धरण्यात येऊ लागले. अशा अभिनत रिलेची अभिनती ३० टक्के असल्यास वरील स्थितीत सरासरी ७,८०० अँपिअरच्या ३० टक्के, म्हणजे २,३४० अँपिअर फरक पडल्याखेरीज ते कार्य करीत नाही. याउलट वाहिनीतच दोष होऊन एका टोकाने ८,००० व दुसऱ्याने ३,००० अँपिअर प्रवाह आत शिरला, तर फरक ११,००० अँपिअरचा व प्रतिबंध केवळ १,६५० अँपिअरचा असतो आणि रिले तत्काळ कार्य करते.

तिन्ही कलांसाठी वेगळ्या पायलट तारा टाकणे खर्चाचे असल्याने तीन प्रवाहांपासून एकच राशी तयार करण्याच्या युक्त्या निघाल्या. ब्रिटनमध्ये त्यासाठी संकलन रोहित्र वापरात आले. ट्रान्सले व सोलकोर या नावांनी ओळखली जाणारी तेथील रिले अनेक देशांत पोहोचली. चार्ल्स फॉर्टेस्क्यू यांनी १९१८ मध्ये असंतुलित त्रिकला प्रवाहाचे तीन संतुलित घटकांत पृथक्करण करण्याची रीत मांडली होती. तिच्या आधारे अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात या घटकांचे गाळणीमंडल वापरणारी रिले तयार झाली व दूरध्वनीसारख्या दोन तारांवर काम भागू लागले. तरीही पायलट तारांचा रोध, त्यांची विद्युत् धारिता व दोषाच्या वेळी उपकेंद्राच्या भूसंपर्काचा वाढणारा दाब यांमुळे ही पद्धत साधारणतः २५–३० किमी. पलीकडे व्यवहार्य ठरली नाही.

वाहक तरंग व कला-तुलना : लांब वाहिनीसाठी स्वतंत्र तारा टाकण्याऐवजी वाहिनीच्याच तारांवरून उच्च कंप्रतेचे तरंग पाठविण्याची युक्ती दूरध्वनी संभाषणासाठी आधीच वापरात आली होती. तिचा संरक्षणासाठी उपयोग करताना एक पेच होता. ज्या वाहिनीवर दोष झाला आहे, तिच्यावरूनच दोषाची वार्ता न्यावयाची होती. शिवाय वाटेत तरंग किती क्षीण होईल याचा भरवसा नसल्याने प्रवाहाचे मूल्य त्यावरून कळविणे शक्य नव्हते. १९४० नंतरच्या दशकाच्या मध्यास पुढे आलेल्या कला-तुलना पद्धतीने हा पेच सोडविला. तीत प्रवाहाचे मूल्य न पाठविता केवळ त्याची दिशा पाठवितात. प्रत्येक टोक प्रवाहाच्या एका अर्धआवर्तनात तरंग सोडते व दुसऱ्या अर्धआवर्तनात थांबते. दोष बाहेर असल्यास दोन्ही टोकांचे तरंग आळीपाळीने येऊन मधली जागा भरून निघते व कार्यास प्रतिबंध होतो. दोष वाहिनीतच असल्यास दोन्ही टोके एकाच वेळी गप्प राहतात आणि या रिकाम्या अवधीत रिले कार्य करते. ५० हर्ट्‌झच्या प्रवाहात हा अवधी १० मिलिसेकंदांचा असतो. तरंगाचे काम केवळ प्रतिबंधाचे असल्याने दोषामुळे तो वाटेत खुंटला, तरी संरक्षणास बाध येत नाही.

या पद्धतीचे महत्त्व दाबाधारित रिलेंच्या उणिवा उघड होऊ लागल्यावर अधिक पटले. दाब रोहित्राची वितळतार वितळल्यास अंतर-रिलेला दाब शून्य दिसतो व जवळच दोष असल्याचा भास होतो. जनित्रांमध्ये शक्तीची आंदोलने सुरू झाली, तरी असाच भ्रम होऊ शकतो. १९५० नंतर लांब वाहिन्यांत जी एकसरी धारित्रे बसविली जाऊ लागली, त्यांमुळे दोषाच्या वेळी दाबाची दिशाच उलटी दिसू शकते. प्रवाहाच्या बेरजेवर यांपैकी पहिल्या दोहोंचा परिणाम होत नाही व तिसऱ्याचा बहुधा सौम्य असतो.

इलेक्ट्रॉनीय व अंकीय युग : १९५० नंतर ट्रँझिस्टरच्या साहाय्याने फिरते भाग नसलेली रिले तयार होऊ लागली. ए. आर. व्हान सी. वॉरिंग्टन यांनी दोन्ही टोकांच्या प्रवाहांचे सदिश गुणोत्तर एका प्रतलावर दाखविण्याची रीत प्रचलित केली. निर्दोष वाहिनीत हे गुणोत्तर उणे १ या बिंदूपाशी राहते. प्रत्यक्ष चुकांना वाव देण्यासाठी त्या बिंदूभोवती प्रतिबंधक क्षेत्र आखले की रिलेचे वर्तन एका दृष्टिक्षेपात समजते. १९६९ मध्ये जी. डी. रॉकफेलर यांनी संपूर्ण उपकेंद्राचे संरक्षण अंकीय संगणकाने कसे करता येईल, हे दाखवून दिले. सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त झाल्यावर ती कल्पना प्रत्यक्षात आली.

खरी क्रांती मात्र प्रकाशीय तंतूने केली. चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकम यांनी १९६६ मध्ये काचतंतूतून दूरसंदेशवहन शक्य असल्याचे दाखविले व १९७० मध्ये पुरेसा कमी ऱ्हास असलेला तंतू तयार झाला. काच विद्युत् निरोधक असल्याने भूसंपर्काच्या दाबाचा व चुंबकीय क्षेत्राचा प्रश्नच मिटला. पुढे वाहिनीच्या माथ्यावरील भूतारेतच असे तंतू बसविण्यात येऊ लागले. १९०४ च्या पद्धतीतील पायलट तारेचा हा नवा अवतार होता. आता प्रत्येक कलेच्या प्रवाहाचे क्षणोक्षणीचे अंकीय मूल्य शेकडो किलोमीटर दूर पाठविता येऊ लागले.

नव्या साधनाने नवा प्रश्नही आणला. दूरच्या टोकाचे मूल्य नेमके कोणत्या क्षणाचे आहे, हे ठाऊक असल्याखेरीज तुलना अर्थहीन ठरते. सामान्यतः संदेशाच्या जाण्यायेण्याचा एकूण काळ मोजून त्याचा निम्मा भाग विलंब म्हणून धरतात. परंतु दूरसंदेश जालात जाण्याचा व येण्याचा मार्ग वेगळा झाला आणि त्यांच्या काळांत २ मिलिसेकंदांचा फरक पडला, तर विलंबात १ मिलिसेकंदाची चूक होते. ५० हर्ट्‌झला ही चूक १८ अंशांची असून १,००० अँपिअर भार असताना ती सु. ३१३ अँपिअरच्या खोट्या फरकाच्या रूपाने दिसते. म्हणून समर्पित तंतू अथवा उपग्रहाकडून मिळणारी अचूक वेळ यांचा आधार घेतात.

दुसरी मर्यादा वाहिनीच्या धारितेची आहे. ४०० किलोव्होल्टची ३०० किमी. लांबीची वाहिनी भार नसतानाही सु. २४० अँपिअर धारिताप्रवाह घेते आणि भूमिगत केबलमध्ये तो पुष्कळच अधिक असतो. हा प्रवाह आत शिरतो पण बाहेर पडत नाही. तो गणिताने वजा करावयाचा तर दाब मोजावा लागतो. म्हणजे फार लांब वाहिनीवर प्रवाहाधारित संरक्षणालाही दाबाची थोडी मदत घ्यावी लागते.

मोठ्या खंडनांचा धडा : रिलेच्या मर्यादांची किंमत समाजाला किती मोजावी लागते, हे तीन घटनांनी दाखवून दिले. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी कॅनडातील सर ॲडम बेक वीज केंद्राहून टोराँटोकडे जाणाऱ्या २३० किलोव्होल्टच्या पाच वाहिन्यांपैकी एक वाहिनी दोष नसताना तुटली. तिच्या पूरक संरक्षणाच्या रिलेची मर्यादा वाहिनीच्या क्षमतेपेक्षा बरीच खाली लावलेली होती व वाढलेल्या भाराने ती ओलांडली. तिचा भार उरलेल्या चारांवर पडून काही सेकंदांत त्याही तुटल्या आणि सु. ३ कोटी लोक अंधारात बुडाले. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायओ राज्यात सॅमिस–स्टार ही ३४५ किलोव्होल्टची वाहिनी अंतर-रिलेने तोडली. तिच्यावरही दोष नव्हता. मोठा प्रवाह व खालावलेला दाब यांमुळे भारच दूरच्या दोषासारखा दिसला होता. त्यानंतरच्या साखळीत सु. ५ कोटी लोकांचा पुरवठा बंद पडला.

भारतात ३० जुलै २०१२ च्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी ४०० किलोव्होल्टची बीना–ग्वाल्हेर वाहिनी अशाच प्रकारे अंतर-रिलेच्या तिसऱ्या क्षेत्रात भार शिरल्याने तुटली आणि उत्तर विभागाचे जाल कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य विभागांची जाले कोसळून सु. ६० कोटी लोकसंख्येच्या प्रदेशाचा पुरवठा खंडित झाला. चौकशी समितीने संरक्षण व्यवस्थेच्या व्यापक तपासणीची शिफारस केली.

यांवरून अंतर-रिले टाकाऊ आहे असा निष्कर्ष काढणे मात्र योग्य नाही. भार व आंदोलने यांपासून प्रवाहांची तुलना करणारी पद्धती मूलतःच अलिप्त असते, हे खरे. परंतु तिची दृष्टी दोन प्रवाह रोहित्रांच्या मधल्या भागापुरतीच असते. शेजारच्या वाहिनीचा मंडल खंडक अडकून बसल्यास तिला त्याचा पत्ताही लागत नाही. संदेशमार्ग तुटल्यास ती निष्क्रिय होते. म्हणून महत्त्वाच्या वाहिन्यांवर प्रमुख संरक्षण प्रवाह-तुलनेचे व पूरक संरक्षण अंतर-रिलेचे, अशी जोड सामान्यतः देण्यात येते. वरील तिन्ही घटनांत वाहिनी तोडणारा घटक पूरक अथवा दूरच्या क्षेत्राचाच होता. दोष एका तत्त्वापेक्षा भार वाढत असताना जुन्याच मर्यादा कायम ठेवण्याचा होता.

सौर व पवन ऊर्जेच्या प्रसाराने एकविसाव्या शतकात हा विषय पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. फिरणारे जनित्र दोषाच्या वेळी निर्धारित प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह देते. इलेक्ट्रॉनीय परिवर्तक मात्र स्वतःच्या बचावासाठी तो बहुधा १·१ ते १·५ पटींवरच रोखून धरतो व त्याची कलाही त्याच्या नियंत्रण प्रणालीनुसार ठरते. अशा उगमाजवळ अतिप्रवाह रिलेला दोष दिसत नाही आणि दिशादर्शी व अंतर-रिलेचे अंदाज चुकू शकतात. दोन्ही टोकांच्या प्रवाहांची बेरीज मात्र, किमान एका टोकास पुरेसा बलवान उगम असेल तर, पूर्वीइतकीच विश्वसनीय राहते. टाइनकाठच्या केबलसाठी मांडलेले तत्त्व नव्या जालांतही टिकून राहिले आहे, याचे कारण ते प्रवाह किती आहे हे न विचारता आत शिरलेला प्रवाह बाहेर पडला की नाही, एवढेच विचारते.